एका शब्दाची चूक

वर्षभर या पानावर मी दुसऱ्यांच्या चुका दाखवीत असतो. दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्वदीर्घ, वर्तमानपत्रांतले लंगडे अनुवाद, लग्नपत्रिकांतली अजब विशेषणे, यांतले काहीही माझ्या तावडीतून सुटलेले नाही. "मास्तर, कधीतरी स्वतःकडेही पाहा," अशी पत्रे काही वाचकांनी धाडली आहेत. दिवाळीत घर झाडायला काढले की आधी आपल्या खोलीतली जळमटे काढावीत, या न्यायाने या खेपेस मी माझीच चूक सांगणार आहे. चूक एका शब्दाची आहे. पण त्या एका शब्दापायी माझ्या बहिणीच्या घरात महिना-दीड महिना कोणी कोणाशी धड बोलत नव्हते.

गेल्या भाऊबीजेला मी नेहमीप्रमाणे ताईकडे गेलो होतो. ओवाळून झाले, फराळाची ताटे आली. माझी भाची नवी माळ गळ्यात घालीत होती. मागचा फासा लावून देता देता ताईचा हात थबकला. पोरीच्या गळ्याला पुढून सुपारीएवढी गाठ लागत होती. "दुखतं का गं?" "नाही." दुखत नाही म्हणताच आम्ही सारे निर्धास्त झालो आणि चकल्यांकडे वळलो. ताई मात्र वळली नाही.

पुढचे फार लांबवीत नाही. सोनोग्राफी झाली, सुई घालून तपासणी झाली, आणि नववीत शिकणाऱ्या त्या चौदा वर्षांच्या पोरीला थायरॉइडचा, म्हणजे अवटू ग्रंथीचा, कर्करोग असल्याचे निघाले. डिसेंबरात शस्त्रक्रिया करून ग्रंथी काढून टाकली. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, "मुलांमधला हा कर्करोग बहुतेक वेळा बरा होतो. घाबरू नका." त्या एका वाक्यावर सारे घर उभे होते.

जानेवारीत काढलेल्या गाठीच्या तपासणीचा आणखी एक कागद आला. मी दोन तासांच्या मध्ये स्टाफरूममध्ये चहा पीत होतो, तेवढ्यात ताईचा फोन. "अरे, यात जेनेटिक आल्टरेशन असं लिहिलंय. जेनेटिकला मराठीत काय म्हणतात रे?" मराठीच्या प्राध्यापकाला असा प्रश्न विचारला की त्याला विचार करावा लागत नाही, हेच त्याचे दुर्दैव. "आनुवंशिक," मी म्हणालो. घंटा झाली म्हणून वर्गावर गेलो आणि विसरून गेलो.

त्या रात्री ताईच्या घरी जेवणाच्या पानावर तो शब्द वाढला गेला. आनुवंशिक म्हणजे वंशातून आलेले, हे समजायला कोश लागत नाही. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे सात पिढ्यांत कुणाला असलं काही नव्हतं." वाक्य एवढेच होते, उरलेले न बोलताच सगळ्यांना ऐकू आले. भावोजी गप्प राहिले. अशा वेळी नवऱ्याने गप्प राहणे हेही बोलणेच असते. ताईने आमच्या आजोळच्या कुठल्याशा मामींचे गळ्याचे दुखणे आठवून काढले आणि दोष आपलाच असे मनाशी ठरवून टाकले. त्या दिवसापासून ती स्वतःच्या मुलीकडे अपराध्यासारखी पाहू लागली.

हे मला पंधरा दिवसांनी कळले, आणि तेही भाचीकडून. मी तिला वाचायला पुस्तके घेऊन गेलो होतो. आजूबाजूला कोणी नाहीसे पाहून ती हळूच म्हणाली, "मामा, मग मला पुढे मुलं झाली, तर त्यांनाही हे होणार का?"

चौदा वर्षांच्या पोरीच्या तोंडी हा प्रश्न माझ्या एका शब्दाने घातला होता.

ताई-भावोजींबरोबर मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी माझे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, जनुकांतला बदल दोन तऱ्हांनी असतो. एक आईबापांकडून येतो. तो जन्मापासून शरीरातल्या पेशीपेशीत असतो. दुसरा जन्मानंतर कुठल्यातरी एकाच पेशीत घडतो आणि त्या पेशीच्या पिल्लावळीतच राहतो. हिचा बदल दुसऱ्या तऱ्हेचा आहे. तो त्या गाठीत होता." मग कागदावरच्या 'रेट' या तीन अक्षरांच्या इंग्रजी नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "याच रेट जनुकातला एक वेगळा दोष खरोखर वारशाने येतो. पण त्यामुळे होणारा थायरॉइडचा कर्करोग निराळ्या जातीचा. हिचा तो नव्हे. हिच्यात रेट तुटून दुसऱ्या जनुकाला जोडला गेलाय. अशा जोडाविषयी आज आम्हाला जे कळतं, त्यातलं पुष्कळसं चेर्नोबिलच्या मुलांमुळे कळलं."

चेर्नोबिल हे नाव ऐकले मात्र, ताईचा चेहरा पुन्हा उतरला. बाहेर पडल्यावर रस्त्यातच ती माझा हात धरून म्हणाली, "अरे, ते लोणी!"

वाचकांतल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९८६ च्या त्या अपघातानंतर आयर्लंडहून आपल्याकडे लोणी आले होते. त्यात किरणोत्सर्गी द्रव्ये उतरली असतील, या शंकेने मुंबईत बराच गाजावाजा झाला. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथे तज्ज्ञांची समिती नेमली गेली, आणि तिने निर्वाळा दिल्यावर १९८८ साली ते लोणी खाण्यास निर्धोक ठरले. त्या दिवसांत आम्ही गिरगावात राहत होतो. आई काही महिने घरात लोणी येऊ देत नव्हती. पण ताईला पावाला लोणी लावून खायची भारी हौस. ती शेजाऱ्यांकडे जाऊन खाई. इतकी वर्षे ती गोष्ट ती विसरली होती. आता ते लोणी तिला मुलीच्या गळ्यात दिसू लागले.

त्या संध्याकाळी सासूबाईंना मी डॉक्टरीणबाईंचे म्हणणे सांगितले. मात्र चूक माझी होती, हे सांगायला जीभ वळली नाही. "डॉक्टर काय, धीर द्यायला असंच बोलतात," असे त्या म्हणाल्या आणि विषय तिथेच राहिला. तेव्हा मी ठरवले की आता पुरते समजून घ्यायचे आणि मगच बोलायचे. विज्ञान माझा विषय नव्हे. पण शब्द माझा होता.

महिनाभर वाचून जे हाती लागले ते थोडक्यात सांगतो.

२६ एप्रिल १९८६ च्या पहाटे, घड्याळात १ वाजून २३ मिनिटे झाली असताना, तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमधल्या चेर्नोबिल येथील चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला. शेजारचे प्रिप्यात गाव २७ तारखेच्या दुपारी रिकामे केले. सोव्हिएत सरकारने जगाला बातमी दिली ती २८ तारखेच्या संध्याकाळी, स्वीडनमधल्या मापकांनी हवेतले किरण टिपल्यावर. भट्टीतून जे बाहेर पडले त्यात आयोडीन-१३१ नावाचे किरणोत्सर्गी आयोडीन होते. ते दर आठ दिवसांनी निम्मे होते, आणि तीन महिन्यांत जवळजवळ संपून जाते. पण त्या पहिल्या आठवड्यांत ते बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या काही भागांतल्या गवतावर बसले. गायींनी गवत खाल्ले, आणि आयांनी मुलांना दूध दिले.

थायरॉइडला आयोडीन लागते, आणि किरणोत्सर्गी आयोडीन कोणते व साधे कोणते हे तिला ओळखता येत नाही. त्या मुलखातल्या अन्नात आयोडीन मुळातच कमी, म्हणून मुलांच्या ग्रंथी भुकेल्या होत्या. मुलाची ग्रंथी इवलीशी. तेवढ्याच दुधातले किरण तिथे दाटून बसतात. शिवाय वाढत्या वयात तिच्या पेशी भराभर दुणावत असतात. शेजारच्या पोलंडने २९ एप्रिलपासून थोड्याच दिवसांत एक कोटीहून अधिक मुलांना साध्या आयोडीनचा डोस पाजला, म्हणजे ग्रंथीचे पोट आधीच भरून ठेवले. खुद्द अपघाताच्या मुलखातल्या पुष्कळ मुलांना मात्र तो वेळेवर मिळाला नाही. त्या आयांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यांनी काय केले? मुलांना दूध दिले, एवढेच.

बेलारूसमध्ये मुलांना थायरॉइडचा कर्करोग होणे पूर्वी फार दुर्मीळ होते. १९८६ ते १९८९ या काळात वर्षाला सरासरी चार मुले. १९९१ साली एकदम ५५. तिथल्या डॉक्टरांनी १९९२ साली 'नेचर' या नियतकालिकात पत्र लिहून हे जगाला कळवले. पुष्कळ पाश्चात्त्य तज्ज्ञांचा विश्वास बसेना. इतक्या लवकर कर्करोग कसा होईल, हा त्यांचा सवाल. बाहेरचे डॉक्टर मिन्स्कला जाऊन स्वतः गाठी तपासून आले, तेव्हा निदान खरे ठरले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीने हिशेब मांडला. अपघाताच्या वेळी अठरा वर्षांखाली असलेल्यांत २००५ पर्यंत ६,००० हून अधिक जणांना हा कर्करोग झाला; त्याने दगावले तोवर १५. आकडा वाचून मी प्रथम भाचीचा विचार केला, हे कबूल करतो. त्या १५ घरांचा विचार नंतर आला, आणि तो अजून जात नाही. २०१५ पर्यंत रुग्णांची संख्या १९,००० च्या वर गेली. त्यांतले सुमारे पाव किरणांमुळे असावेत, बाकीचे वाढत्या वयामुळे आणि कसून तपासणी होऊ लागल्यामुळे उजेडात आले, असे समितीचे म्हणणे आहे.

आता त्या 'रेट'कडे वळू. प्रत्येक पेशीत माणसाची सारी जनुके लिहिलेली एक पोथी असते, असे समजा. रेट हे त्यातले, दहाव्या गुणसूत्रावरचे, एक पान. थायरॉइडचा हा कर्करोग ज्या पेशींतून निघतो, त्यांत हे पान मिटलेलेच असते. किरण पेशीतून गेला की पोथी कधी कधी दोन ठिकाणी फाटते. पेशी बिचारी ती लगोलग डकवते, बहुतेक वेळा नीट. पण एखाद्या वेळी मधला तुकडा उलटा डकवला जातो. मग रेटच्या मागच्या अर्ध्याला एखाद्या सदा उघड्या पानाचा पुढचा अर्धा येऊन चिकटतो. रेटचा हुकूम 'वाढा' असा असतो. एरवी मिटलेला तो हुकूम आता रात्रंदिवस वाचला जातो. इटलीतल्या संशोधकांना असा जोड १९८७ सालीच सापडला होता. चेर्नोबिलच्या मुलांच्या गाठींत तो मोठ्या प्रमाणावर दिसला. मोठ्या माणसांच्या गाठींत बहुधा निराळी चूक असते: 'ब्रॅफ' नावाच्या जनुकात एकच अक्षर बदललेले. ज्यांनी कधी मुद्रिते तपासली आहेत त्यांना हा फरक चटकन कळेल. एक अक्षर चुकणे वेगळे, आणि फाटलेले पान उलटे डकवणे वेगळे.

पण नेमकी हीच दोन पाने का जुळावीत? याचे उत्तर २००० साली मिळाले. रेट आणि त्याचा एक नेहमीचा जोडीदार हे गुणसूत्रावर एकमेकांपासून पुष्कळ दूर आहेत. पण गुणसूत्र पेशीत सरळ ताणलेले नसते, गुंडाळलेले असते. थायरॉइडच्या सुमारे एकतृतीयांश पेशींत ही दोन जनुके अगदी शेजारी येऊन बसलेली आढळली. स्तनाच्या पेशींत तसे क्वचितच. शेजारी बसलेल्या दोघांना एकच घाव पुरतो.

२०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात दोन मोठे अभ्यास आले. पहिल्यात युक्रेनमधल्या ४४० गाठी तपासल्या होत्या. ३५९ जणांना लहानपणी किंवा आईच्या पोटात असताना किरण लागले होते. ८१ जण अपघातानंतर नऊ महिन्यांहून अधिक काळाने जन्मलेले, म्हणजे त्या आयोडीनपासून सुटलेले. किरण जितके अधिक आणि वय जितके लहान, तितके फाटण्याचे व उलटे डकवण्याचे प्रकार अधिक, हे त्यात स्पष्ट दिसले. मात्र किरणांची अशी खास खूण सापडली नाही. गाठीतला बदल पाहून 'ही किरणांमुळेच झाली' असे कोणी सांगू शकत नाही. किरण कधीही न लागलेल्या मुलांच्या गाठींतही रेटचा असाच जोड पुष्कळदा मिळतो. पेशी दुणावताना पोथीची नक्कल करते, आणि नक्कल करताना कधी पान फाटतेच. भाचीच्या कागदावरच्या त्या तीन अक्षरांत कोणाच्या अपराधाची नोंद नव्हती.

दुसरा अभ्यास मी तीनदा वाचला. अपघातानंतर साफसफाई करणारे कामगार आणि गावे सोडावी लागलेले लोक, अशा आईबापांना १९८७ ते २००२ या काळात झालेली १३० मुले त्यात तपासली होती. आईबापांकडे नसलेले नवे बदल मुलांत किती आहेत, ते मोजले. आईबापांना लागलेल्या किरणांमुळे त्यांची संख्या वाढलेली आढळली नाही. चेर्नोबिलच्या आयांनी जे मुलांना दिले नाही, ते गिरगावातल्या पावाला लावलेले लोणी कुठून देणार? शिवाय आयोडीनच म्हणाल तर समुद्रावरच्या प्रवासात आणि वखारीत ते केव्हाच विरून गेलेले असणार.

मार्च महिन्यात भाचीला पुढचा उपचार द्यायचा होता, आणि तो कशाचा, तर त्याच आयोडीन-१३१ चा! मागे राहिलेल्या पेशी मारण्यासाठी ते पाजतात. सासूबाई हबकल्या. पण आता मला सांगता येत होते. थोड्या किरणांनी पेशी जखमी होऊन जगते आणि जखम वेडीवाकडी सांधते. भरपूर किरणांनी ती मरून जाते. आधी दोन आठवडे आयोडीन नसलेले मीठ, दूध-दही बंद. भावोजी तसले मीठ शोधीत चार दुकाने फिरले. बेलारूसच्या मुलांच्या ग्रंथी दैवाने भुकेल्या होत्या. इथे डॉक्टर मुद्दाम भूक लावीत होते.

त्या दोन आठवड्यांतल्या एका रविवारी मी ताईकडे गेलो. सगळे घरात होते. मी सासूबाईंना म्हणालो, "तो शब्द मी चुकीचा सांगितला. कागदात तसं नव्हतं. या दुखण्याला तुमचं घराणंही कारण नाही, आमचंही नाही." मग वरचे सारे, आता तुम्हाला सांगितले तसेच, सांगितले. ताई पुतळ्यासारखी ऐकत होती. लोण्याची गोष्ट आली तेव्हा पदर तोंडाला लावून ती आत गेली. सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही तुमचा शब्द मागे घेतलात. मी बोलले ते कसं मागे घेऊ?" आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

आत काय झाले ते मला ठाऊक नाही. बाहेर आमच्यासाठी चहा आला तो दोघींनी मिळून केलेला असावा. त्यात साखर दोनदा पडली होती.

भाचीला मी एवढेच म्हणालो, "तुझ्या त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. गाठीतला तो बदल मुलांकडे जायचा नसतो. डॉक्टरीणबाईंनाही विचारून घे." तिने विचारून घेतले. मास्तरांवर आंधळा विश्वास ठेवू नये, हे ती वेळेवर शिकली.

तिच्या गळ्यावर आडवी रेघ आहे. बेलारूसच्या मुलांच्या गळ्यावरच्या अशा रेघेला लोक 'चेर्नोबिलचा हार' म्हणत. आजीने तिला बंद गळ्याचे दोन कुडते शिवून आणले. पोरीने ते घेतले, आजीला नमस्कार केला, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेली ती गेल्या दिवाळीची तीच माळ घालून, उघड्या गळ्याने. आता ती दहावीत आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेते, ती जन्मभर घ्यायची आहे. सहा महिन्यांची तपासणी चांगली निघाली.

माझ्या टेबलावरच्या जुन्या कोशात 'जेनेटिक'पुढे 'आनुवंशिक' असेच छापले आहे. त्याच्याखाली मी पेन्सिलीने 'जनुकीय' लिहून ठेवले आहे. कोशाचा दोष नाही. दुखणे घरात शिरले की माणसे शब्दाचा अर्थ विचारतात, तेव्हा त्यांना खरे तर तो शब्द नको असतो. आपल्या माणसाचे काय होणार, हे हवे असते. असा फोन तुम्हाला आला, तर घंटा होऊ द्यावी, तास बुडू द्यावा, आणि आधी म्हणावे, "कागद घेऊन ये, दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ."

भाऊबीजेला यंदाही ताईकडे जायचे आहे. तिचा कालच फोन आला होता. ओवाळणी काय आणू म्हणून विचारले, तर म्हणाली, "काही नको. पावाला लावायला लोणी आण."